एका बाइटचे ४०९६ पत्ते

जुन्या नाशकात घर नंबरावर सापडत नाही. दहीपुलावर विचारलंत तर ‘पुढे जा, डाव्या हाताला तिसरा वाडा’. सराफ बाजारात विचारलंत तर त्याच वाड्यासाठी ‘बोळ ओलांडला की उजवीकडे’. पत्ते दोन, वाडा एकच. डिप्लोमाच्या मुलांना ८०८६ प्रोसेसर शिकवताना त्याच्या मेमरीच्या पत्त्यांपाशी, सेगमेंट-ऑफसेटपाशी, आलो की मी फळ्यावर हा वाडाच काढतो.

इंटेलचा हा प्रोसेसर १९७८ चा. रजिस्टर, म्हणजे आकडा धरायची आतली जागा, १६ बिटांचं, म्हणजे मजल ६४ केबीपर्यंत. पत्त्याच्या तारा मात्र २०, म्हणजे मेमरी १ एमबी. तोकड्या रजिस्टरने एवढा मुलूख गाठायचा, तर पत्ता दोन तुकड्यांत सांगणं आलं: सेगमेंट ही खूण आणि ऑफसेट म्हणजे तिथून किती पुढे. सेगमेंटला १६ ने गुणायचं, ऑफसेट मिळवायचा. हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे १६ च्या पायावरच्या अंकपद्धतीत (अंक ० ते ९, मग ए ते एफ), गुणाकारही नको, मागे शून्य चिकटवलं की झालं. बी८०० : ०००० आणि बी००० : ८००० हे दोन्ही बी८००० वरच पोचतात. सेगमेंट दर १६ बाइटांनी सुरू होऊ शकतो आणि ६४ केबी पसरतो, म्हणून या एका बाइटचे ४०९६ पत्ते निघतात.

बी८००० म्हणजे रंगीत टेक्स्ट पडद्याचा डावीकडचा वरचा कोपरा. डॉसबॉक्स या जुन्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये टर्बो सी हा सी भाषेचा कंपायलर उघडून फार पॉइंटरने, म्हणजे सेगमेंट-ऑफसेट दोन्ही धरणाऱ्या पॉइंटरने, तिथे ‘ए’चा कोड हेक्स ४१ टाकायला लावतो. कोपऱ्यात ‘ए’ उमटतो. शेजारच्या, रंगाच्या बाइटमध्ये १ई टाकलं की तोच ‘ए’ निळ्यावर पिवळा. सी भाषेतलं छापायचं प्रिंटएफ नाही, कुणाची परवानगी नाही. मागच्या बाकावरचा मोबाइल खाली ठेवतो तो इथे! रिअल मोड म्हणतात तो हाच: कुणीही कुठेही लिहावं. इंटरप्टची, म्हणजे कळ दाबली वगैरे घडलं की प्रोसेसरने कुठे धावायचं याची, यादी मेमरीच्या पहिल्या १०२४ बाइटांत उघड्यावर. तिथे चुकून काही लिहिलं गेलं की मशीन गार.

१९८२ च्या ८०२८६ ने प्रोटेक्टेड मोड आणला. आता सेगमेंट रजिस्टर म्हणजे तक्त्यातल्या नोंदीचा क्रमांक. सुरुवात, मर्यादा, हक्क सगळं त्या नोंदीत. तारा २४, मेमरी १६ एमबी. पण या मोडमधून परतायची वाटच ठेवली नव्हती, रीसेट हाच उपाय. १९८४ च्या आयबीएम एटी या पीसीमध्ये तो रीसेट द्यायचं काम कुणाकडे? कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडे, कीबोर्ड कंट्रोलरकडे!

त्याच कंट्रोलरवर आणखी एक ओझं. ८०८६ वर १ एमबीची हद्द ओलांडली की पत्ता गुंडाळून पुन्हा शून्यावर यायचा आणि काही जुने प्रोग्राम त्यावरच विसंबलेले. २४ तारांच्या प्रोसेसरवर ते बिघडले असते, म्हणून एकविसावी तार, ए२० (मोजणी शून्यापासून), अडवायला एक गेट बसवलं आणि त्याची दोरी कीबोर्ड कंट्रोलरच्या मोकळ्या पिनला बांधली. याला कुणी गचाळ म्हणो, मला हे एखाद्या देखण्या डिझाइनपेक्षा आवडतं. गिऱ्हाइकाचा जुना प्रोग्राम चालला पाहिजे, एवढीच त्यामागची अक्कल.

१९८५ च्या ३८६ मध्ये एक बिट बदलून रिअल मोडमध्ये परत येता यायला लागलं.

‘सर, हे आता कशाला?’ हा प्रश्न दर बॅचला येतोच. मी त्याच्याच लॅपटॉपकडे बोट दाखवतो. आतला, ८०८६ च्याच घराण्यातला एक्स८६ प्रोसेसर आजही बटण दाबल्यावर आधी रिअल मोडमध्येच उठतो. फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम, त्याला प्रोटेक्टेडमधून ६४ बिटांत नेतं, आणि विंडोजचं चिन्ह दिसेपर्यंत हा प्रवास उरकलेलाही असतो.