टॉवर अमिरातीचा, बिल लोलयेला

मोबाइलचं बिल आईच्या नंबरचं. फॅमिली प्लॅन माझ्या नावावर. रोमिंगचा पॅक दादाने घेतलेला. आणि टॉवर अमिरातीचा. मग 37,760 रुपये भरायचे कोणी?

आई म्हणते, फोन माझ्या पिशवीत होता, मी पेन्शनमधून भरते. दादा म्हणतो, तिला इकडे मी बोलावलं, मी भरतो. माझे यजमान म्हणतात, प्लॅन आपल्या नावावर आहे, भरून टाक आणि डोक्याचा ताप संपव. तिघेही एकमेकांचा भार उचलायला धावतायत, आणि ज्याने हे पैसे मागितले त्याला कोणी काही विचारतच नाही. मी मडगावच्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. एखादी रक्कम नावे टाकायची तर ती कोणाच्या खात्यावर आणि का, हे विचारल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही. म्हणून मी ठरवलंय की हे पैसे आमच्यापैकी कोणीच भरायचे नाहीत.

काय घडलं ते आधी सांगते. दादा ओमानमध्ये सोहारला नोकरीला आहे. आई पेडण्याची, मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. मोपाचा विमानतळ तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तिथून थेट मस्कतला विमान, त्यामुळे एकटी जायला तिची तयारी झाली. दादाने तिच्या नंबरवर ओमानचा पॅक आधीच घेऊन ठेवला होता, 3,000 रुपयांचा, 2 जीबीचा. घरी वायफाय होतंच. पॅक फक्त बाहेर फिरताना लागणार होता, आणि परत येईपर्यंत त्यातला निम्मासुद्धा संपला नव्हता. एका सुट्टीच्या दिवशी दादा-वहिनी तिला शिनासचा किल्ला दाखवायला घेऊन गेले. सोहारच्या उत्तरेला, किनाऱ्याकिनाऱ्याने. तिथून आणखी पुढे, हद्दीच्या अलीकडच्या एका मासेमारांच्या गावात थांबले, कारण आईला तिथल्या होड्या बघायच्या होत्या. पलीकडे अमिरातीतलं कलबा. हद्द कोणी ओलांडली नाही, पासपोर्ट कोणी बाहेर काढला नाही. ओलांडली ती फोनने. पलीकडच्या टॉवरचा सिग्नल जास्त जोरात होता, फोनने तो धरला. आईला इंग्रजीत मेसेज आला, अमिरातीत आपलं स्वागत आहे. तिने तो वहिनीला दाखवला आणि म्हणाली, मी तर अजून ओमानातच आहे गं. वहिनी म्हणाली, चुकून आला असेल. त्या मेसेजमध्ये प्रत्येक एमबीला किती रुपये लागणार हा आकडा नव्हता. तो कळायला एक लिंक उघडायची होती, म्हणजे नेट वापरायचं होतं.

फोन पिशवीत गेला. सकाळपासून काढलेले किल्ल्याचे आणि नातवाचे फोटो आपोआप वर चढत राहिले. 64 एमबी.

हिशेब असा. पॅक नसलेल्या देशात या प्लॅनचा दर एमबीला 500 रुपये. 64 एमबीचे 32,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, 5,760. एकूण 37,760. तेच 64 एमबी दादाने घेतलेल्या पॅकच्या भावाने धरले तर 94 रुपये होतात. म्हणजे सुमारे 340 पट. त्याच फोनवर, त्याच दिवशी, तेच फोटो, फक्त टॉवर दुसरा. पतसंस्थेच्या कर्जाला आम्ही दोन टक्के व्याज जास्त लावलं तर सभासद सर्वसाधारण सभेत उभे राहून जाब विचारतात. इथे 340 पटीबद्दल कोणाला उत्तर द्यावं लागत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. परदेशात भारतीय सिमवर नेट सुरू केलं की तो डेटा साधारणपणे थेट तिथल्या इंटरनेटवर जात नाही. तिथल्या टॉवरवरून तो आधी भारतात, आपल्या कंपनीच्या यंत्रणेत येतो आणि मग पुढे जातो. म्हणून तर रोमिंगवर असताना कित्येक वेबसाइट तुम्हाला भारतातच समजतात. याचा अर्थ, आईच्या फोनचा एकेक एमबी कंपनीच्या दारातूनच गेला. किती गेला, कुठल्या देशातून आला, त्या देशाचा पॅक आहे की नाही, हे सगळं कंपनीला त्या क्षणी दिसत होतं. आईला दिसत नव्हतं, दादाला नाही, मला इथे गोव्यात लोलयेला घरी बसून तर नाहीच.

आणि थांबवता येत नाही असंही नाही. प्रीपेडवाल्यांचं बघा. बॅलन्स संपला की जगाच्या पाठीवर कुठेही असा, नेट तिथल्या तिथे बंद होतं. तीच कंपनी, तीच यंत्रणा. पोस्टपेडला मात्र ती वाहू देते, कारण नंतर बिल पाठवता येतं. माझ्या बिलावर वरच्या कोपऱ्यात क्रेडिट लिमिट छापलेलं असतं. पोस्टपेड ग्राहकाला त्याचं क्रेडिट लिमिट सांगा, हे ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने 2005 मध्येच कंपन्यांना बजावलं होतं. एरवी बिल भरायला थोडा उशीर झाला की आउटगोइंग बंद होतं. त्या दुपारी लिमिटच्या कितीतरी पट वर मीटर गेला तरी कोणी हात लावला नाही. फोन आणि एसएमएसचा वापरही कंपनीला लवकरच कळतो. जगभरच्या मोबाइल कंपन्यांनी आपसात फसवणूक पकडण्यासाठी ठरवून घेतलंय की रोमिंगवरच्या ग्राहकाच्या वापराची नोंद 4 तासांच्या आत त्याच्या मूळ कंपनीला पाठवायची. कंपनीचे पैसे बुडू नयेत म्हणून एवढी तत्परता, तर ग्राहकाचे पैसे वाचवायला महिनाअखेरचं बिल का?

नळाची कळ ज्याच्या हातात आहे त्याने ती बंद करायची आणि न केल्यास वाहून गेलेल्या पाण्याचं मोलही त्यानेच द्यायचं. माझं म्हणणं एवढंच आहे.

हद्दीवर राहणाऱ्यांना हा त्रास नवा नाही. माझं माहेर पेडण्याचं आणि सासर काणकोणातलं, गोव्याची दोन टोकं. पेडण्याहून पत्रादेवी ओलांडून बांद्याला गेलं तर फोनला काही फरक पडायचा नाही, कारण मोबाइलच्या हिशेबात गोवा आणि महाराष्ट्र एकच सर्कल, म्हणजे एकच विभाग. पण लग्न होऊन लोलयेला आले तेव्हा पहिल्यांदा कळलं की हद्दीवरच्या पोळे गावाच्या बाजूला गेलं की फोन माजाळीचा टॉवर धरतो आणि आपण घरच्या माडाखाली उभे असतानाही कर्नाटकात पोचतो. त्या काळात रोमिंगवर आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. सासूबाई फोन घेऊन अंगणाच्या एका ठरावीक कोपऱ्यात जाऊन बोलायच्या. पुढे देशातल्या रोमिंगचे दर ट्रायने उतरवत आणले आणि आता कोणाला त्याची आठवणही नाही. देशाच्या आत जे जमलं ते देशाबाहेर जमणारच नाही असं मला कोणी सांगू नये.

युरोपात जमलंही आहे. आपल्याकडचे पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला गेलेले लोक सांगतील. युरोपियन युनियनमध्ये जून 2017 पासून एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्याच दराने चालतं, आणि ही व्यवस्था 2032 पर्यंत वाढवलेली आहे. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची दुसरी सोय. 2010 पासून तिथे नियम आहे की रोमिंगच्या डेटाचं बिल 50 युरोवर गेलं की कंपनीने नेट बंद करायचं. पुढे हवं असेल तर ग्राहकाने स्वतःहून सांगायचं. मर्यादेच्या 80 टक्क्यांवर पोचलं की आधी सूचना. नंतर हे संरक्षण युरोपाबाहेर फिरणाऱ्या त्यांच्या ग्राहकांनाही मिळालं. हद्दीजवळ फोनने नकळत शेजारचा टॉवर धरला तर त्यापासून ग्राहकाला जपण्याची पावलं उचलायची जबाबदारीही कंपनीवरच टाकलीय. आईच्या जागी लिस्बनची एखादी आजी असती तर तिचं नेट 50 युरोला थांबलं असतं.

खाडीतल्या देशांनीही 2016 मध्ये आपसातले रोमिंगचे दर उतरवले. दादाचं ओमानी सिम पलीकडच्या टॉवरवर गेलं तरी त्याला घाम फुटत नाही. गाडी एकच, त्यात दोघांचे फोन, आणि लुटली गेली ती पेन्शनर.

आपल्याकडे प्रश्न कोणाला माहीतच नाही असं नाही. मे 2020 मध्ये ट्रायने आंतरराष्ट्रीय रोमिंगवर एक चर्चापत्र काढलं. बिलाचा धक्का, पॅकचे दर आणि बिगर-पॅकचे दर यांतली दरी, वेळेवर सूचना, सगळ्याचा ऊहापोह त्यात होता. ते वाचताना मला आमच्याच बिलाबद्दल वाचतेय असं वाटलं. युरोपासारखी, मर्यादा आली की नेट बंद करण्याची सक्ती आमच्या कामी आली असती.

कंपनीची बाजूही मी ऐकून घेतली. कस्टमर केअरची मुलगी सौजन्याने बोलली, तिच्यावर माझा राग नाही. तिचं म्हणणं, परदेशी कंपनीला आम्हालाही पैसे द्यावे लागतात. खरं आहे, आपसातला घाऊक दर असतो. पण त्याच शेजारच्या देशाचा पॅक तीच कंपनी सुमारे दीड रुपया एमबीने विकते, आणि तोट्यात विकत नसणार. वापरलेल्या 64 एमबीचे पॅकच्या दराने होणारे पैसे जीएसटीसह द्यायला मी तयार आहे, आणि ते मी लेखी कळवलंय. त्यानंतर अर्धं बिल माफ करतो असा निरोप आला. अर्धं म्हणजे जवळजवळ 19,000. मी नको म्हटलं. रक्कम चुकीची असेल तर तिचं अर्धंही चुकीचंच.

कोणावर अशी वेळ आली तर मार्ग असा आहे. तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या, नुसत्या तोंडी बोलण्याला अर्थ नाही. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांत कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं, त्याला फी नाही, आणि 39 दिवसांत निकाल द्यावा लागतो. हे प्राधिकरण कंपनीच्याच घरातलं असतं, ही त्यातली दुखरी बाजू. पण तिथेच सगळं संपत नाही. पूर्वी टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत असं सांगून लोकांना परत पाठवायचे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं की मोबाइल ग्राहकही ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आधी नुसतं विचारायचं असेल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. बिलातली जी रक्कम मान्य आहे ती मात्र वेळेवर भरा आणि वादातली रक्कम वेगळी काढून लेखी कळवा.

बाहेर जाणाऱ्यांना एक सांगते. हद्दीजवळ जाणार असाल तर नेटवर्क आपोआप निवडू देऊ नका, सेटिंगमध्ये जाऊन पॅकमधली कंपनी हाताने निवडा. फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा. आणि तारवटींच्या, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांच्या, घरच्यांनी हे जास्त ध्यानात ठेवायला हवं, कारण जहाजावरचं मोबाइल नेटवर्क सॅटेलाइटवरून चालतं आणि ते सहसा देशाच्या पॅकमध्ये धरलेलं नसतं. विमानातल्या नेटवर्कचंही तेच. किनारा दिसतोय म्हणून फोन किनाऱ्याच्या टॉवरवर आहे असं नसतं. पण हे सगळं सांगतानाही मला पटत नाही, की सत्तरीच्या बाईने नातवाला भेटायला जाताना एवढं शिकून जावं आणि ज्यांचा धंदाच तो आहे त्यांनी एक मर्यादा घालू नये.

आई अजून मधूनच विचारते, भरून टाकू का गं, आपलं नाव खराब होईल. चाळीस वर्षं कोणाचे पाच रुपये ठेवून न घेतलेली बाई ती, थकबाकी हा शब्दच तिला झोपू देत नाही. दिवस वाईट गेले ते तिचे. सोहारच्या आठवणी सांगायचीही तिला आता चोरी वाटते, आणि या सगळ्यात मला सर्वात जास्त चीड कशाची येत असेल तर याची. मी तिला बिलाचा कागद आणि पॅकचा कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. शिक्षिकाच ती, भागाकार तिने स्वतः केला. मग अपिलाचा मसुदा वाचायला मागितला आणि त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनने काढून दिल्या.

अपील गेलंय. तिथे नाही ऐकलं तर मडगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं, कागद तयार आहेत. दादाने मला न विचारता माझ्या खात्यात 40,000 रुपये टाकले होते, ते मी त्याला परत पाठवले.