छोमरोंगच्या पायऱ्यांबद्दल कोणी सांगितले नव्हते

नेपाळमधील अन्नपूर्णा बेस कॅम्पची उंची ४१३० मीटर आहे आणि मी किलिमांजारोच्या ५८९५ मीटर उंच शिखरावर जाऊन आलो आहे, एवढ्या एका हिशेबावर मी ही पदयात्रा सोपी ठरवून टाकली होती. त्यात आमच्या छत्रपती संभाजीनगरातील एका सहल-आयोजकाने, “काका, तुमच्यासाठी हे म्हणजे गोगाबाबा टेकडीच,” असे सांगून माझ्या अहंकाराला खतपाणी घातले. गेल्या नोव्हेंबरात मी आणि माझा मेहुणा असे दोघे जाऊन आलो. परत येऊन तीन आठवडे झाले, तरी घराचा जिना उतरताना मला अजून कठडा धरावा लागतो. पुढील मजकूर त्या गुडघ्याने लिहिला आहे, असे समजूनच वाचावा.

आधी पैशांचे पाहू, कारण फसवणूक तेथूनच सुरू झाली. मनमाडला गाडी बदलून गोरखपूर, तेथून सोनौलीची सीमा आणि पलीकडच्या भैरहव्याहून पोखरा, असा आमचा मार्ग होता. भैरहव्यात जीपवाल्याने पोखऱ्याचे “आठ हजार” सांगितले. नेपाळी रुपये गृहीत धरून आम्ही बसलो आणि पोखऱ्यात उतरल्यावर त्याने आठ हजार भारतीय रुपये मागितले. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये होतात, म्हणजे ही मागणी १२,८०० नेपाळी रुपयांची झाली. अर्धा तास वाद घालून आम्ही दहा हजार नेपाळी रुपयांवर सुटलो. सीमेवर भारतीय चलनाला ‘आयसी’ आणि नेपाळी चलनाला ‘एनसी’ म्हणतात. भाड्याचा आकडा ऐकल्यावर सामान गाडीत चढवण्यापूर्वी “आयसी की एनसी?” हा प्रश्न विचारावा आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे. चौदा देश फिरलेल्या माणसाला हे सुचू नये, याची मला आजही लाज वाटते. भारतीय नोटा शंभराच्याच न्याव्यात, मोठी नोट पाहून दुकानदार कुरकुर करतात.

दुसरी फसवणूक परवान्याची. अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राच्या परवान्याचे शुल्क भारतासह सार्क (दक्षिण आशियाई) देशांच्या नागरिकांना १००० नेपाळी रुपये आहे, तर इतर परदेशी प्रवाशांना ३०००. पोखऱ्यातील एका एजंटाने आमच्याकडून प्रत्येकी ३००० घेतले आणि पावती हातात पडल्यावर तिच्यावर १००० छापलेले दिसले. उरलेली रक्कम त्याचे ‘सेवाशुल्क’ होते म्हणे. पर्यटन मंडळाच्या कार्यालयात स्वतः गेल्यास हे काम फार वेळ घेत नाही, मात्र दोन फोटो आणि पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ हवे. सीमेवर कोणी फारसे विचारत नाही म्हणून केवळ आधार कार्डावर निघू नये.

आता मूळ विषय. पोखऱ्याहून जीप झिनू गावाच्या अलीकडे सोडते, तेथील सुमारे २८७ मीटर लांबीचा झुलता पूल ओलांडला की चढ सुरू होतो. झिनू १७८० मीटरवर आणि छोमरोंग २१७० मीटरवर आहे. हा टप्पा खडा असला तरी प्रामाणिक आहे, कारण चढलेली उंची हातात राहते. अन्याय त्याच्या पुढे आहे. छोमरोंग गाव ज्या डोंगराच्या अंगावर वसले आहे, तो सगळा डोंगर दगडी पायऱ्यांनी नदीपर्यंत उतरावा लागतो आणि पलीकडे सिनुवाच्या बाजूला उतरलेल्यापेक्षाही अधिक चढावे लागते. एकट्या उताराच्या पायऱ्या दोन हजारांहून जास्त आहेत. आपल्याकडच्या मापाने सांगायचे तर देवगिरीचा डोंगर सुमारे दोनशे मीटर उंच आहे आणि येथील उतार तीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे दीड देवगिरी उतरायचा आणि लगेच दुसऱ्या बाजूने दोन देवगिरी चढायचा. शिवाय या पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, तर पुढची गुडघ्याएवढी, त्यामुळे पावलाला लय सापडत नाही. जॉर्डनमध्ये पेट्राच्या मठापर्यंतच्या सुमारे आठशे पायऱ्या मी दुपारच्या उन्हात चढलो आहे, त्या याच्यापुढे काहीच नाहीत.

जाताना हा टप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो, पाय ताजे असतात आणि त्याचे गांभीर्य लक्षात येत नाही. माझेही तसेच झाले. बांबू, दोभान, हिमालय आणि देउराली ही गावे पुढच्या दोन दिवसांत मागे पडली. तेथे सांगण्यासारखे फारसे काही नाही, वाट जंगलातली आणि सुखाची आहे. देउरालीच्या आसपासच्या पट्ट्यात मात्र वसंत ऋतूत हिमस्खलनाचा धोका असतो, म्हणून तो सकाळी लवकर ओलांडावा. बेस कॅम्पवर पहाटे अन्नपूर्णेच्या शिखरांवर ऊन पडले ते आम्ही पाहिले. ते जितके सुंदर असते असे ऐकले होते, तितके होते. त्या उंचीवर मला डोकेदुखीही झाली नाही.

त्याच उत्साहाने घात केला. परतीच्या दिवशी बेस कॅम्पहून निघून आम्ही बांबूला मुक्काम करणार होतो, पण तेथे दुपारी पोहोचलो तेव्हा पाय हलके वाटत होते. बांबूच्या पुढे कुल्दीपर्यंतचा पायऱ्यांचा खडा चढ चढून सिनुवाला आलो तेव्हा चार वाजले होते. समोरच्या डोंगरावर छोमरोंगची घरे हात लांब केला तर लागतील अशी दिसत होती. सोबतचा गाईड म्हणाला, “एक तास.” नोव्हेंबरात तेथे साडेपाचलाच अंधारते, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. नदीपर्यंत उतरेपर्यंत माझा उजवा गुडघा थरथरू लागला. पुलावर अंधार झाला. त्यानंतरच्या पायऱ्या मी कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, दर पंचवीस पायऱ्यांनी थांबत, शेवटी शेवटी तर हात टेकून चढलो. मेहुणा मागून गाणी म्हणत होता, तेव्हा त्याच्याशी मी पुढचे दोन तास बोललो नाही. गाईड मात्र “बिस्तारै, दाई, बिस्तारै” (सावकाश, दादा, सावकाश) एवढेच म्हणत राहिला आणि माझी पिशवी त्याने न विचारता स्वतःच्या खांद्यावर घेतली. वर पोहोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते.

म्हणून माझे ठाम मत असे की परतीचा शेवटचा मुक्काम सिनुवालाच करावा, छोमरोंग कितीही जवळ दिसले तरी. सकाळी सहाला निघाल्यास पायऱ्यांचा हा टप्पा उन्हाच्या आधी संपतो आणि दुपारपर्यंत झिनूला पोहोचता येते. ट्रेकिंगच्या काठ्या दोन न्याव्यात, एका काठीने उतारावर उपयोग नाही. गुडघ्याचे पट्टे येथूनच चांगल्या दुकानातून, पायाला घालून पाहून घ्यावेत. सराव सपाट रस्त्यावर चालून होत नाही. आठवड्यातून दोनदा देवगिरी किल्ला चढून उतरावा आणि उतरताना पाठीवर किमान सहा किलो ओझे ठेवावे, कारण आपल्या सपाट मुलखातल्या माणसाचे फुप्फुस टिकते, गुडघा टिकत नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. डाळभात मागितल्यास पुन्हा वाढतात, त्यामुळे जेवणाला तोच परवडतो. सिनुवाच्या पुढे मांसाहार मिळत नाही, तो भाग देवाचा मानला जातो. छोमरोंगच्या पुढे बाटलीबंद पाणीही विकत नाहीत, म्हणून शुद्धीकरणाच्या गोळ्या बाळगाव्यात. आम्ही नेलेले धपाटे गोरखपूरच्या आधीच संपले, शेंगदाण्याची चटणी मात्र बेस कॅम्पपर्यंत पुरली आणि तेथील बेचव नूडल्सवर तिनेच उपकार केले. गरम पाण्याच्या अंघोळीचे आणि फोन चार्ज करण्याचे पैसे वेगळे लागतात व वर जाल तसे वाढतात. अंघोळ टाळावी, पॉवरबँक न्यावी.

झिनूच्या गरम पाण्याच्या कुंडाची सर्वजण स्तुती करतात. ते गावापासून खाली नदीकाठी आहे, म्हणजे तेथेही उतरायचे आणि पुन्हा चढायचे. मेहुणा गेला आणि तासाभराने प्रसन्न होऊन परतला. मी अंगणातल्या खुर्चीवर पाय वर करून बसलो होतो आणि त्या दिवशी आणखी एकही पायरी उतरणार नव्हतो.