ठरावातून राहिलेला धनगरवाडा

ग्रामसभेपुढं महत्त्वाचा विषय एकच होता, 'हर घर जल' झाल्याचा ठराव. जलजीवन मिशनची, म्हणजे घरोघरी नळानं पाणी द्यायच्या केंद्राच्या कार्यक्रमातली, योजना पूर्ण झाली असं आम्ही अभियंत्यांनी कितीही लिहून दिलं तरी प्रमाणपत्र ग्रामसभेच्या ठरावानंच मिळतं. त्याचं चित्रीकरणही अपलोड करावं लागतं. एकदा ते झालं की गाव शंभर टक्के दिसतं आणि तिथल्या राहिलेल्या वाडीसाठी पैसे मागायला गेलं की वरून विचारणा होते, "तुमच्याकडं तर सगळ्यांना पाणी आहे ना?"

गाव गगनबावड्याकडच्या डोंगरातलं. इतक्या पावसाच्या मुलखात टंचाई कसली, असं कोल्हापूर शहरातले लोक विचारतात. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, पाणी ठरत नाही, उन्हाळ्यात विहिरी तळ दाखवतात. गावठाणाच्या वर धनगरवाडा आहे. १९ घरं, ११० माणसं. प्रत्येक दारात नळ उभा आहे आणि एकालाही पाणी आलेलं नाही.

कारण अवघड नाही. गावची टाकी शाळेमागं, धनगरवाडा तिच्यापेक्षा साठ मीटर वर. दहा मीटर चढाला साधारण एक किलो दाब लागतो. म्हणजे मधे संप (पाणी साठवायची जमिनीलगतची टाकी) आणि पाणी वर ढकलणारा बूस्टर पंप हवाच. पहिल्या अंदाजपत्रकात तो होता. दरडोई खर्च जास्त दिसतो म्हणून छाननीत पंप वगळला गेला, नळजोडण्यांची संख्या मात्र तशीच राहिली. हा उघड अन्याय आहे. माणसं कमी म्हणून पाइपाची लांबी कमी होत नाही, आणि दरडोईचा हिशेब कायम दाट वस्तीच्याच बाजूनं लागतो. डोंगरी भागात गावांतर्गत कामाच्या खर्चाच्या ५ टक्के लोकवर्गणी असते, ती श्रमदानातूनही देता येते. या लोकांनी ती चर खणून दिली. त्याच चरात आज कोरडा पाइप आहे.

पाणी समितीतल्या धनगरवाड्याच्या मामी त्या दिवशी सकाळीच मला म्हणाल्या, "सायेब, सही मागताय न्हवं, मग आधी वर येऊन झरा तरी बघा."

झरा वस्तीच्याही वर, वनहद्दीत. मेचा तिसरा आठवडा होता, म्हणजे स्राव वर्षात सगळ्यात कमी. पन्हळ लावून वीस लिटरची बादली धरली, घड्याळ लावलं. तीन मिनिटांत भरली. पुन्हा धरली, तेवढाच वेळ. तासाला ४०० लिटर, दिवसाला ९,६००. माणशी ५५ लिटरच्या निकषानं वस्तीला लागतात ६,०५० लिटर. रात्रीचं पाणी साठवायला एक फेरोसिमेंटची (जाळी आणि सिमेंटची) टाकी बांधली की उतारानं नळाला पाणी. ना पंप, ना वीजबिल. छोट्या योजना बंद पडतात त्या बहुतेक बिलापायी, हे या खात्यात सगळ्यांना माहीत आहे. तरीही आराखडा करताना कुणी हा झरा मोजला नव्हता.

सभेत ठराव वाचून झाला. सरपंच समजुतीनं म्हणाले, "मामी, आता होऊ दे, तुमचं पुढच्या टप्प्यात बघू."

"पुढचा टप्पा कुठल्या कागदावर हाय, त्यो दावा."

सरपंचांनी माझ्याकडं बघितलं. मी टाकीची पातळी, वस्तीची पातळी आणि सकाळचं माप सांगितलं. गावठाणातला एक पोरगा उठला, "आमच्या घरात पाणी येतंय, ते खोटं हाय का?" ते खोटं नव्हतंच. त्या गल्लीतल्या बायकांची खेप खरोखर थांबली आहे, आणि आपल्या गावाचं प्रमाणपत्र दुसऱ्यासाठी का अडावं हा त्याचा सवाल माझ्या डोक्यातून अजून जात नाही. बराच वेळ वाद झाला. शेवटी धनगरवाडा वगळून योजना सुरू आहे असं इतिवृत्तात आलं. म्हणजे प्रमाणपत्र अडलं. संध्याकाळी कार्यालयातून फोन आला तो तालुक्याची टक्केवारी अडली म्हणून. झऱ्याबद्दल कुणी विचारलं नाही.

मिशनकडून आता लगेच काही मिळेल असं वाटत नाही. २०२४-२५ला केंद्राची तरतूद ७०,१६३ कोटींची होती, सुधारित अंदाजात ती २२,६९४ कोटींवर आली. २०२८पर्यंतची मुदतवाढ पुढच्या अर्थसंकल्पात जाहीर झाली खरी, पण ठेकेदाराचं बिल थकलं आणि माणसं काम सोडून गेली. म्हणून त्याच सभेत दुसरा ठराव घेतला. टाकी पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेल्या, निधीतून करायची. त्यातला निम्मा पाण्यासाठीच असतो. पाइपलाइनच्या जागेसाठी वनहक्क कायद्याचं कलम ३(२) लावायचं. एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५पर्यंत झाडं आणि ग्रामसभेची शिफारस, एवढ्यात पिण्याच्या पाण्याचं काम बसतं. आमच्या आखणीत तर एकही झाड जात नाही.

प्रस्ताव वनविभागाकडं गेला आहे. पाइपाचे पैसे अजून खर्चाच्या कुठल्याच शीर्षात बसलेले नाहीत. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडच्या वाड्यांवर कुणी असा प्रस्ताव पाण्यासाठी मंजूर करून घेतला असेल, तर नकाशा आणि स्थळपाहणी अहवाल कसा जोडला ते मला जरूर कळवा.