दिवे मालवून बसलो, तरी बिल काही उतरेना

विजेच्या थकबाकीची पहिली दोन बिलं उघडून, पुन्हा घडी घालून मी पत्र्याच्या डब्याखाली सरकवली होती. तिसरं तर उघडलंच नाही. मग तोडणीची नोटीस आली. ती थेट दारालाच चिकटवलेली, त्यामुळे आमच्याआधी शेजाऱ्यांनी वाचली.

मी दोन घरची धुणीभांडी करते. नवऱ्याचं काम रोजंदारीवर, मिळेल तो दिवस आपला. मुलगा शाळेत जातो. सासूबाईंना साखरेचा आजार, इन्शुलिन सुरू आहे. ते 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, म्हणून फ्रिज बंद करायची सोय नाही.

घाबरून आम्ही आधी दिवे मालवले. तीन बल्बांपैकी एकच लावायचा. मुलगा त्याच्याखाली अभ्यास करायचा, सासूबाई भिंत चाचपत मोरीत जायच्या. एकदा पडल्या, नशीब, थोडक्यात निभावलं. महिन्याने बिल आलं तर जेमतेम तीन युनिट कमी!

नवरा म्हणाला, "कुणीतरी आपल्या मीटरच्या पुढून वायर ओढलीय." मलाही तसंच वाटलं. आपली चूक नसेल तर बरं, असं माणसाला वाटतंच. मी काम करते त्या घरातल्या दादांना विजेचं कळतं. ते म्हणाले, "ताई, भांडायला जाण्याआधी घरातलं सगळं बंद करा आणि मीटरचा लाल दिवा बघा. तो लुकलुकला तर कुठेतरी वीज जातेय."

मीटर आमच्या दाराच्या आतच आहे. रात्री थोडा वेळ फ्रिजसुद्धा काढला आणि मोबाइलच्या उजेडात आम्ही तिघं मीटरपुढे उभे राहिलो. लाल दिवा हलला नाही. म्हणजे चोरीबिरी काही नव्हती. मीटरवर बारीक अक्षरांत 3200 हा आकडा होता. तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. मग मुलाने 9 वॅटचा बल्ब लावला आणि सेकंद मोजत बसला. एक लुकलुक व्हायला दोन मिनिटांच्या वर गेली. मग बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडला, 1500 वॅटचा. दिवा असा फडफडायला लागला की मोजता येईना, एक सेकंदही थांबत नव्हता.

मी तिथेच खाली बसले. रॉड चाळीस मिनिटं चालला की एक युनिट खर्ची पडतं. तेवढ्याच एका युनिटात तो बल्ब 111 तास जळतो. आणि आम्ही म्हातारीला अंधारात ठेवलं होतं! रोज सकाळी बादली उघडीच ठेवून पाणी कढत करायचो, एकेकाची अंघोळ होईपर्यंत ते निवायचं, की पुन्हा रॉड. आता बादली पातेल्याच्या झाकणाने झाकतो, गजर लावतो आणि वीस-बावीस मिनिटांत रॉड काढतो. (प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, हे मुलाला रोज सांगते.) पहिल्याच महिन्यात तेवीस युनिट कमी झाले.

पण झालेली थकबाकी त्याने फिटत नव्हती. डब्याखालची बिलं काढून नीट वाचली तेव्हा रीडिंगच्या जागी तीन महिने 'सरासरी' छापलेलं दिसलं. आम्ही दोघं कामावर, सासूबाई परक्याला दार उघडत नाहीत, म्हणून रीडिंग घेणारा अंदाजाने आकडा टाकून गेला. थंडीत रॉड जास्त चालला तो अंदाजात आला नाही. चौथ्या महिन्यात खरं रीडिंग झालं आणि सगळे युनिट एकदम अंगावर आले. बिल खोटं नव्हतं. फक्त आमच्याकडे युनिट वाढले की दरही चढतो, आणि चार महिन्यांचे युनिट एकाच महिन्यात धरले होते. अर्ज दिल्यावर ते महिन्यांत वाटून मिळाले, रक्कम थोडी उतरली.

हप्त्यांचा घोळ माझाच. पहिल्या खेपेला काउंटरवरचे साहेब म्हणाले, "अर्धे आत्ता भरा, बाकीचे तीन हप्त्यांत." लाइन तुटेल या भीतीने मी मान हलवली. अर्धे भरायला उसने घेतले, व्याजाने. दुसराच हप्ता चुकला, सवलत रद्द झाली आणि त्या उसन्याचं व्याज थकबाकीवरच्या व्याजाहून भारी पडलं.

दुसऱ्या खेपेला वहीचं पान घेऊन गेले. महिन्याला हातात काय येतं, भाडं, औषध, किराणा, चालू बिल, आणि खाली जे उरतं ते. तेवढाच हप्ता मागितला, दहा महिन्यांचा. घरात इन्शुलिन आहे हेही अर्जात लिहिलं, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली.

साहेब वैतागले. "एवढ्याने कधी फिटायचं, बाई?"

"दहा महिन्यांत, साहेब. मागच्या वेळी तीन म्हटले होते, फिटले का?"

त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं, बाजूच्या टेबलावर जाऊन काहीतरी बोलून आले आणि सही केली. मी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख मागून घेतली. तोंडी कबुलीला माझा आता विश्वास नाही.

सहा हप्ते गेले. दोनदा चालू बिल आणि हप्ता दोन्ही जमेनात, तेव्हा तारीख उलटण्याआधी जाऊन सांगितलं, आठवड्याची मुदत मिळाली. पावत्या एका टाचणीत आहेत. मागच्या आठवड्यात रीडिंगवाला आला तेव्हा आम्ही कामावर होतो. पण आता ती तारीख आली की मुलगा सकाळीच मीटरचा आकडा कागदावर लिहून दाराला बाहेरून चिकटवतो आणि नवऱ्याच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवतो. या बिलावर 'सरासरी' नाही.