नावाखालची ओळ

जिनिव्याजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जो महाकाय कण-प्रवेगक आहे, त्यावरील एका प्रयोगात आमचा नवी मुंबईतला गट बऱ्याच वर्षांपासून सहभागी आहे. गट लहान आहे. दोन प्राध्यापक, एक पोस्टडॉक (डॉक्टरेटनंतर संशोधन करणारा), तीन-चार विद्यार्थी आणि इलेक्ट्रॉनिक्सची बाजू सांभाळणारे एक ज्येष्ठ अभियंता, एवढीच माणसे. तरीही प्रयोगाच्या सहयोग मंडळात, ज्याला आम्ही सगळे नुसते ‘बोर्ड’ म्हणतो, प्रत्येक संस्थेला एकच मत असते. त्यामुळे शेकडो शास्त्रज्ञ पदरी असलेली अमेरिकेतली प्रयोगशाळा आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा आमचा चार खोल्यांचा विभाग मतदानाच्या वेळी एकाच पायरीवर उभे असतात. आमच्या संस्थेचे हे मत २०२३च्या सुरुवातीला माझ्या हाती होते.

एरवी बोर्डाचे काम रुक्ष असते. नव्या संस्थेचा प्रवेश, समित्यांच्या नेमणुका, देखभालखर्चाची वाटणी असे विषय असतात आणि बहुतेक प्रतिनिधी कॅमेरा बंद ठेवून आपापली दुसरी कामे उरकत असतात. (मीही उरकते.) पण अशा सहयोगाचा कारभार कशावर चालतो, हे नीट पाहिले तर आश्चर्य वाटते. सहभागी संस्था आणि त्यांना पैसा पुरवणारी सरकारी खाती ज्या सामंजस्य करारावर सह्या करतात, तो कायद्याने बंधनकारक नाही, असे त्या करारातच लिहिलेले असते. प्रयोगाचा प्रमुख, म्हणजे प्रवक्ता, दोन-तीन वर्षांसाठी निवडून येतो. पण त्याला कोणाचा पगार थांबवता येत नाही की कोणाची बदली करता येत नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या देशातल्या संस्थेचा नोकर असतो. वर्गणीसुद्धा लेखकांच्या यादीवरूनच ठरते: सामायिक देखभालखर्चातला वाटा हा त्या यादीत बसणाऱ्या डॉक्टरेटधारकांच्या संख्येच्या प्रमाणात असतो. थोडक्यात, या सगळ्या डोलाऱ्यात देण्यासारखी किंवा काढून घेण्यासारखी वस्तू एकच, ती म्हणजे शोधनिबंधावरचे नाव. म्हणूनच या नावांच्या यादीला आमच्याकडे जे महत्त्व आहे, ते बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी ॲटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी २०१५मध्ये मिळून लिहिलेल्या निबंधावर ५,१५४ लेखक होते. ३३ पानांच्या त्या निबंधात २४ पाने लेखकांच्या आणि त्यांच्या संस्थांच्या नावांनी भरली होती. यावर विनोद पुष्कळ झाले, पण त्या २४ पानांतले एखादे नाव गळले असते, तर त्या माणसाने काय केले असते ते आम्हांला ठाऊक आहे.

फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि हीच यादी अडचणीत आली. सर्नचा कारभार पाहणाऱ्या परिषदेने ८ मार्चला रशियाचा निरीक्षक दर्जा स्थगित केला आणि रशियाशी नवे सहकार्य थांबवले; त्याच महिन्यात पुढे बेलारूसवरही निर्बंध आले. मात्र रशियन संस्थांशी संलग्न असलेले सुमारे एक हजार शास्त्रज्ञ तिथल्या प्रयोगांत आधीपासूनच काम करत होते. त्यांची नावे निबंधांवर यायला बहुतेकांची हरकत नव्हती. हरकत होती ती नावाखाली छापल्या जाणाऱ्या संस्थेच्या नावाला. रशियातल्या कुलगुरूंच्या संघटनेने मार्चच्या पहिल्याच आठवड्यात युद्धाला पाठिंबा देणारे पत्रक काढले होते. त्या विद्यापीठांच्या नावाशेजारी आपले नाव नको, असे युक्रेनच्या सहकाऱ्यांचे म्हणणे होते आणि काही युरोपीय देशांच्या सरकारांचेही. उलट बाजूने असे म्हटले जात होते की, संस्थेचे नाव पुसणे म्हणजे राजकारण प्रयोगशाळेत आणणे होय. तोडगा निघेना. त्यामुळे जवळजवळ वर्षभर त्या प्रवेगकावरील चारही मोठ्या प्रयोगांचे निबंध लेखकांच्या यादीशिवाय, केवळ प्रयोगाच्या नावाने प्रीप्रिंट (छापण्याआधीचा ऑनलाइन मसुदा) म्हणून प्रसिद्ध होत राहिले आणि नियतकालिकांत छापून येण्याचे अडून राहिले.

या विषयावर ठराव मांडला जाणार होता तो दिवस शुक्रवार होता. सभा जिनिव्याच्या वेळेनुसार दुपारी दोनला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला होती. प्रतिनिधीने मत कसे द्यावे हे संस्थेने ठरवायचे असते; म्हणून जेवणानंतर मी सगळ्यांना माझ्या खोलीत बोलावले. ही औपचारिकता अर्ध्या तासात उरकेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात आम्ही चारपर्यंत बोलत होतो.

पहिल्यांदा बोलली ती कळव्याहून येणारी आमची विद्यार्थिनी. तिचा प्रबंध ज्या विश्लेषणावर उभा होता, तो निबंध गेले आठ-नऊ महिने नावांशिवाय लटकलेला होता आणि ती परदेशातल्या पोस्टडॉकच्या जागांसाठी अर्ज भरत होती. ती म्हणाली, “मॅडम, प्रकाशनांच्या रकान्यात मी त्या निबंधाचा दुवा देते, पण तो उघडला तर माझे नाव कुठेच नाही. निवड समितीला प्रत्येक वेळी युद्धाची गोष्ट सांगत बसू का? तुम्ही काहीही ठरवा, पण आज ठरवा.” तिच्या बोलण्यात तत्त्वचर्चा अजिबात नव्हती. पण जगभरातल्या किती विद्यार्थ्यांची हीच गत झाली असेल, याचा विचार केला, तर तत्त्वापेक्षा तेच वजनदार होते.

आमचा पोस्टडॉक संस्थांची नावे काढण्याच्या ठाम बाजूचा होता. त्याने खारकीव्हच्या एका सहकाऱ्याबरोबर दोन हिवाळे रात्रपाळ्या केल्या होत्या. मार्च २०२२मध्ये तिथल्या भौतिकी-तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात गोळे पडले, तेव्हा त्या सहकाऱ्याचे कुटुंब तळघरात राहत होते आणि तो मात्र जिनिव्यात बसून डिटेक्टरच्या तापमानाचे आकडे तपासत होता. पोस्टडॉकचा प्रश्न सरळ होता: त्या माणसाने युद्धाचे समर्थन करणाऱ्या विद्यापीठाच्या नावाखाली, त्याच पानावर, सही का करायची?

आमचे अभियंता साहेब बराच वेळ गप्प होते. निवृत्तीला आलेला हा माणूस सभांमध्ये फारसा बोलत नाही. मी मुद्दाम विचारले, तेव्हा ते १९९८वर गेले. पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने भाभा अणुसंशोधन केंद्रासह कितीतरी भारतीय संस्था निर्यातबंदीच्या यादीत टाकल्या. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. आर. चिदंबरम यांना एका शास्त्रीय सभेसाठीही अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही. साहेब तेव्हा दुसरीकडे नोकरीला होते आणि त्यांनी मागवलेले एक मोजमापाचे उपकरण पैसे भरूनही आलेच नव्हते. “आणि त्याच वर्षांत,” ते म्हणाले, “सर्नशी आपला करार चालू होता. त्यांच्या चुंबकांखालचे जॅक आपण बनवत होतो. कोणी म्हटले नाही की भारतीय संस्थांची नावे खोडा.” हे खरे आहे. प्रवेगकाच्या बोगद्यात पंधरा मीटर लांब आणि सुमारे ३५ टन वजनाची जी १,२३२ द्विध्रुवी चुंबके आहेत, ती ज्या जॅकवर बसवून अंशाअंशाने जागेवर आणली जातात, ते सुमारे सात हजार जॅक भारतातून गेले होते. “त्या वेळी आपल्या नावावर फुली मारली असती, तर पुढे आपण तिथे असतो का?” असे विचारून त्यांनी चहाचा कप पुढे ओढला. पोस्टडॉकने लगेच उत्तर दिले की चाचणी आणि आक्रमण यांत फरक आहे, आणि साहेबांनी तो मान्यही केला. फरक आहेच. पण बाहेरच्यांनी लावलेल्या फुलीचा अनुभव असलेला माणूस खोलीत असला की चर्चेचा सूर बदलतो, हे मी त्या दुपारी पाहिले.

माझे स्वतःचे मत तोवर डळमळीत होते. निबंधावरचे संस्थेचे नाव हा मला सन्मान कधीच वाटला नाही; कोणी काय बांधले आणि कोण कशाला जबाबदार आहे, याचा तो पत्ता असतो. यंत्रातून संस्था अशी उचकटून काढता येत नाही. सीएमएस प्रयोगातल्या कॅलरीमीटरचा, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या उपकरणाचा, एक भाग दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रशियन नौदलाच्या दहा लाखांहून अधिक तोफगोळ्यांची पितळी आवरणे वितळवून बनवला आहे. तो तिथे शंभर मीटर जमिनीखाली बसलेला आहे आणि कोणत्याही ठरावाने हलणार नाही. दुसरीकडे, जी ओळ छापल्यामुळे निबंधच छापता येत नाही, त्या ओळीसाठी किती दिवस अडून राहायचे?

ठरावातला तोडगा असा होता: सर्व लेखकांची नावे पूर्वीप्रमाणेच येतील, रशिया आणि बेलारूसमधल्या लेखकांच्या बाबतीत संस्थेच्या नावाऐवजी, हे लेखक सर्नशी सहकार्य करार असलेल्या एका संस्थेशी किंवा आंतरराष्ट्रीय प्रयोगशाळेशी संलग्न आहेत, अशी एक सामाईक ओळ असेल, आणि कोण कोणता हे ओळखता यावे म्हणून नावासोबत प्रत्येकाचा ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख पटवणारा क्रमांक) दिला जाईल. वाक्य कुरूप आहे, यावर आमच्या खोलीत पूर्ण एकमत होते. शेवटी अभियंता साहेबांनी, आणि थोड्या कुरकुरीनंतर पोस्टडॉकनेही, बाजूने मत द्यायला संमती दिली.

सभा सुरू झाली तेव्हा पडद्यावर चौकोनांची अनेक पाने होती. चर्चा ऐकायला सगळ्याच सदस्यांना परवानगी असल्याने आमची मंडळीही थांबली होती. कोणीतरी कोपरखैरणे स्टेशनजवळून वडापाव आणले. युद्धावर भाषणे होतील अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिला तासभर चर्चा झाली ती, हा बदल प्रयोगाच्या घटनेतली दुरुस्ती मानायचा की प्रकाशनाच्या नियमांतला साधा फेरफार, यावर. कारण पहिल्याला दोन तृतीयांश मते लागत होती आणि दुसऱ्याला साधे बहुमत. आमची विद्यार्थिनी अक्षरशः कपाळाला हात लावून बसली होती. मला मात्र तो तास सभेतला सर्वांत कामाचा वाटला. ज्या मंडळाला कोणावरही सक्ती करता येत नाही, तिथे हरलेल्या बाजूला घरी जाऊन आपल्या सरकारला आणि आपल्या विद्यार्थ्यांना एवढे तरी सांगता आले पाहिजे की, निर्णय नियमाने झाला. अध्यक्षांनी हे ओळखले होते. (बोर्डाचा अध्यक्ष आणि प्रयोगाचा प्रवक्ता या दोन वेगळ्या व्यक्ती असतात, याचे शहाणपण अशा दिवशी कळते.) कोणाला घाई करू न देता त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि मग अवघड पर्याय निवडला: दोन तृतीयांश.

त्यानंतरची चर्चा अपेक्षेपेक्षा संयमाने झाली. रशियातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आपल्या विद्यार्थ्यांची नावे टिकणार असतील, तर आपण विरोध करणार नाही, एवढेच सांगितले आणि ध्वनी बंद केला. युक्रेनच्या प्रतिनिधी विरोधात बोलल्या. त्यांच्या मते ही ओळ म्हणजे आडपडदा होता, आणि त्यांचे म्हणणे चूक होते असे मला आजही म्हणता येणार नाही. मी एकदाच बोलले. ही व्यवस्था कायमची न ठेवता करारांची मुदत संपेल तेव्हा पुन्हा बोर्डापुढे आणावी, अशी सूचना मी केली. ती इतिवृत्तात नोंदली गेली, ठरावात आली नाही. मग गुप्त मतदानाचा दुवा ईमेलने आला. माझ्यामागे तिघे जण उभे होते. मी त्यांना बाहेर जायला सांगून बटण दाबले.

साडेनऊच्या सुमारास निकाल आला. ठराव संमत झाला होता. विद्यार्थिनीने पहिला प्रश्न विचारला तो अर्ज सुधारून पाठवता येईल का हा, आणि नियतकालिकात निबंध यायला अजून काही महिने जातील असे सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून आम्ही ठाण्याकडे निघालो, तेव्हा ती फोनवर आपला ऑर्किड क्रमांक बरोबर नोंदला आहे का, ते तपासत होती. तिच्याच आडनावाच्या आणि त्याच आद्याक्षराच्या आणखी एका व्यक्तीचे निबंध आधी एकदा तिच्या खात्यावर चढले होते.

अडून राहिलेले निबंध पुढच्या काळात नावांसह मार्गी लागले. सर्नच्या परिषदेने मुदतवाढ न दिल्याने बेलारूसबरोबरचा करार जून २०२४मध्ये आणि रशियाबरोबरचा ३० नोव्हेंबर २०२४ रोजी संपला. रशियातल्या दुब्ना येथील आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबरचा वेगळा करार तेवढा राहिला. त्या सामाईक ओळीत ‘पूर्वी’ असा शब्द वाढला. नावाखाली काय छापायचे यावर इतका खल झाला, पण ती माणसे जे काम करत होती ते कोण करणार, हा प्रश्न त्यामानाने खालच्या पातळीवर, गटागटांच्या पत्रव्यवहारात सोडवावा लागला. आमच्या वाट्याला कॅलिब्रेशनच्या (मोजमापे अचूक करण्याच्या) सॉफ्टवेअरचा एक भाग आला. तो आधी सांभाळणाऱ्या रशियन सहकाऱ्याने करार संपण्यापूर्वीच्या आठवड्यांत आमच्या पोस्टडॉकला, त्याच ठाम मताच्या पोस्टडॉकला, रोज संध्याकाळी ऑनलाइन बसून ओळ न् ओळ समजावून दिली आणि कुठे काय बिघडते याची टिपणे लिहून पाठवली. प्रत्येक संस्थेला दरवर्षी प्रयोगाला ठरावीक सेवाकाम द्यावे लागते. असे वारशाने आलेले काम त्यात किती महिन्यांचे धरायचे, यावर आमची आणि आणखी काही संस्थांची मागणी सध्या बोर्डापुढे आहे.