मुलांच्या टीमचं शेड्यूल फोनच्या कॅलेंडरमध्ये: फाइल नको, लिंक घ्या

टीमचं वेळापत्रक सांभाळणारं ॲप टीमस्नॅप असो, गेमचेंजर असो की स्पोर्ट्सइंजिन, शेड्यूलच्या पानावर कुठेतरी ‘सिंक’, ‘सबस्क्राइब’ किंवा ‘एक्सपोर्ट’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. कधी वरच्या कोपऱ्यात, कधी सेटिंग्जच्या चिन्हामागे दडलेलं. तिथून दोनपैकी एक गोष्ट हाती लागते: आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल), नाहीतर एक लांबलचक लिंक. अमेरिकेत मुलांना सॉकर, बेसबॉल नाहीतर स्विमिंगला घालणारे बरेच आईबाप फाइल उतरवतात, कॅलेंडरमध्ये टाकतात आणि काम झालं म्हणतात. तिसऱ्या शनिवारी पाऊस पडतो, गेम दुसऱ्या मैदानावर जाते, आणि कॅलेंडर मात्र जुनाच पत्ता दाखवत बसतं.

फाइल इम्पोर्ट करणं म्हणजे त्या दिवशीच्या वेळापत्रकाची झेरॉक्स काढणं. मूळ कागदावर नंतर कोणी काय खोडलं, ते झेरॉक्सला कळत नाही. लिंक सबस्क्राइब केली तर तुमचं कॅलेंडर ठरावीक वेळाने त्या पत्त्यावर जाऊन ताजी फाइल घेऊन येतं. रद्द झालेली गेम आपोआप निघून जाते, बदललेली वेळ आपोआप बदलते. म्हणून सीझन चालू असताना नेहमी लिंक. फाइलचे उपयोग दोनच, ते शेवटी सांगतो.

लिंक ‘वेबकॅल’ने सुरू होत असेल तर घाबरू नका. ‘ही लिंक कॅलेंडर ॲपमध्ये उघड’ एवढंच ते फोनला सांगणं आहे. आयफोनवर ती दाबली की थेट सबस्क्राइब करायचं का असं विचारलं जातं. अँड्रॉइडवर बऱ्याचदा काहीच होत नाही. तिथे लिंक कॉपी करा आणि सुरुवातीचा ‘वेबकॅल’ खोडून ‘एचटीटीपीएस’ लिहा.

लिंक बरोबर आहे का, हे आधी तपासून घ्या. ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे कुठेही लॉगिन नसताना, ती उघडा. फाइल उतरली आणि नोटपॅडमध्ये उघडल्यावर पहिल्या ओळीत ‘बिगिन’ आणि ‘व्हीकॅलेंडर’ हे शब्द दिसले, तर लिंक ठीक. त्याऐवजी लॉगिनचं पान आलं, तर तुम्ही फीडची, म्हणजे ताज्या होत राहणाऱ्या वेळापत्रकाची लिंक नव्हे, शेड्यूलच्या पानाचाच पत्ता उचललाय. ‘गूगलमध्ये जोडलं पण रिकामंच दिसतंय’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

गूगल कॅलेंडरमध्ये

हे काम कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्येच करावं लागतं, कारण फोनच्या गूगल कॅलेंडर ॲपमध्ये लिंक जोडायची सोयच नाही. डावीकडे ‘अदर कॅलेंडर्स’च्या शेजारच्या अधिकच्या चिन्हावर जा, ‘फ्रॉम यूआरएल’ निवडा, लिंक चिकटवा आणि ‘ॲड कॅलेंडर’ दाबा. कॅलेंडर सार्वजनिक करायचं का, असा एक चौकोन तिथे असतो. त्याला हात लावू नका. नंतर कॅलेंडरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नाव बदला. ॲपने दिलेलं नाव टीमच्या अधिकृत नावाचं लांबण असतं आणि फोनवर त्यातलं निम्मंही दिसत नाही. ‘ईशान सॉकर’ पुरे.

फोनवर दिसत नसेल तर ॲपच्या सेटिंग्जमध्ये त्या कॅलेंडरचं सिंक चालू आहे का बघा. आयफोनवर ॲपलच्याच कॅलेंडरमध्ये गूगल खातं जोडलेलं असेल, तर आणखी एक पायरी लागते: गूगलच्या ‘सिंकसिलेक्ट’ पानावर जाऊन या नव्या कॅलेंडरसमोर खूण करावी लागते. हे पान मेनूमध्ये सहज सापडत नाही, नावाने शोधावं लागतं. ज्यांना हे माहीत नसतं ते तीच लिंक पुन्हा पुन्हा जोडत बसतात.

आता गूगलची खरी अडचण. लिंकवरचे बदल तुमच्या कॅलेंडरमध्ये यायला १२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, असं गूगल स्वतःच सांगतं. कधी त्याहूनही जास्त लागतो. ‘आत्ता ताजं कर’ असं बटण नाही. सकाळी सातला कोचने नऊची गेम रद्द केली तर गूगल कॅलेंडरला ती बातमी बहुधा गेमची वेळ उलटून गेल्यावर मिळेल. म्हणून टीमच्या ॲपचं नोटिफिकेशन बंद करू नका. आठवड्याचं नियोजन, कारपूल आणि ‘त्या शनिवारी जेवायला बोलवायचं का’ असले प्रश्न कॅलेंडरवर सोडवा. त्या दिवशीचा बदल ॲपवरच बघा.

फारच अडलं तर एक जुगाड आहे. गूगल लिंक ओळखतं ती अक्षरं बघून. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीतरी निरर्थक जोडलं (आधीच प्रश्नचिन्ह असेल तर अँडचं चिन्ह), उदाहरणार्थ ‘एक्स बरोबर १’, आणि ती नवी म्हणून जोडली, तर गूगल लगेच ताजी प्रत आणतं. सगळ्या सर्व्हरवर चालतं असं नाही. आणि जुनी लिंक काढायला विसरलात तर प्रत्येक गेम दोनदा दिसेल.

आयफोन आणि मॅक

इथे मामला बराच सुटसुटीत आहे. कॅलेंडर ॲपमध्ये खाली ‘कॅलेंडर्स’, तिथे ‘ॲड कॅलेंडर’, मग ‘ॲड सबस्क्रिप्शन कॅलेंडर’. लिंक चिकटवा. खातं विचारलं की आयक्लाउड निवडा, म्हणजे तेच कॅलेंडर आयपॅड आणि मॅकवरही येईल. मॅकवर किती वेळाने ताजं करायचं ते स्वतः ठरवता येतं, अगदी ५ मिनिटांपासून आठवड्यापर्यंत. तासाला एकदा पुरेसं आहे. फोनवर ‘कॅलेंडर्स’ची यादी खाली ओढली की ती लगेच ताजी होते. रविवारी रात्री पुढचा आठवडा बघायची सवय असेल तर एवढं करून घ्यायला हरकत नाही.

आउटलुकच्या वेब आवृत्तीत ‘ॲड कॅलेंडर’मध्ये ‘सबस्क्राइब फ्रॉम वेब’ आहे. अपडेट साधारण दर ३ तासांनी होतात, पण कधीकधी २४ तासांहून जास्त लागतात, असं मायक्रोसॉफ्टच म्हणतं. ऑफिसच्या खात्यात मुलांचं शेड्यूल घालायचा मोह टाळा. काही कंपन्या बाहेरच्या लिंक अडवतात, आणि नोकरी बदलली की ते खातं जातंच.

वेळ चुकते तेव्हा किती चुकते ते बघा

वेळेच्या घोळाचं निदान फरकावरून होतं.

बरोबर एक तासाचा फरक, तोही नोव्हेंबरचा पहिला किंवा मार्चचा दुसरा रविवार उलटल्यावरच: अमेरिकेत घड्याळं त्याच दिवशी सरकतात आणि फीडमध्ये तो बदल धरलेला नाही. फॉल सॉकर नोव्हेंबरात संपतं आणि स्प्रिंगचा सीझन मार्चच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे ही चूक नेमकी सीझनच्या टोकांना दिसते.

न्यू जर्सीत बसून सगळ्या गेम तीन तास सरकलेल्या दिसत असतील, तर टीम तयार करताना मॅनेजरने टाइम झोन पॅसिफिक, म्हणजे पश्चिम किनाऱ्याचा ठेवलाय. हे तुमच्या बाजूने दुरुस्त होत नाही. मॅनेजरला टीमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बदलायला सांगा. कॅलेंडरमध्ये काही खटपट केलीत तर बाकीच्या सगळ्या भेटींच्या वेळा बिघडतील.

चार किंवा पाच तासांचा फरक पूर्व किनाऱ्यावर दिसला, तर गोष्ट जागतिक वेळेची आहे. आयसीएस फाइलमध्ये वेळेच्या शेवटी इंग्रजी झेड अक्षर असेल तर ती वेळ जागतिक, म्हणजे यूटीसी मानली जाते. ईस्टर्न वेळ उन्हाळ्यात त्याच्या चार तास मागे असते, हिवाळ्यात पाच. स्थानिक सकाळी नऊच्या गेमला चुकून झेड लागला तर सप्टेंबरात ती पहाटे पाचला दिसते. पहाटे पाचला नऊ वर्षांखालच्या मुलांची गेम कुठलीही लीग ठेवत नाही, एवढ्यावरूनही ओळखता येईल.

वेळेला झेड नाही आणि टाइम झोनही नाही, अशी फाइल घरी ठीक चालते. तिची गडबड कळते ती पुण्यात आजीआजोबांच्या फोनवर. फीड नीट असेल तर न्यू जर्सीतली सकाळी ९ची गेम त्यांना संध्याकाळी ६.३०ला दिसते, आणि नोव्हेंबरात घड्याळ मागे गेल्यावर ७.३०ला. कॅलिफोर्नियातली तीच वेळ रात्री ९.३० आणि नंतर १०.३०. त्यांच्याकडेही सकाळी ९च दिसत असेल तर फाइलमध्ये टाइम झोनच नाही. लाइव्ह स्ट्रीम बघायला आजोबा साडेनऊ तास आधी बसणार.

मध्यरात्री बाराची किंवा दिवसभराची गेम दिसली तर ती बहुधा चूक नव्हे. वेळ अजून ठरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. वेळ ठरली की जागेवर येईल.

पोचायची वेळ आणि मैदान

कोच सांगतो ‘अर्धा तास आधी या’. ती वेळ बहुतेक ॲपमध्ये वेगळ्या रकान्यात असते आणि कॅलेंडरमध्ये येते ती फक्त तपशिलात. नोंद सुरू होते गेमच्या वेळेला. त्यामुळे त्या कॅलेंडरचं रिमाइंडर स्वतः लावा: पोचायचे ३० मिनिटं, गाडीचा वेळ आणि शिनगार्ड शोधायचा वेळ मिळून ९० मिनिटं आधी. गूगलमध्ये हे प्रत्येक कॅलेंडरला स्वतंत्र ठरवता येतं, पण ते ज्याचं त्याच्यापुरतं असतं. आईने लावलेलं रिमाइंडर बाबांच्या फोनवर वाजत नाही.

पत्त्याच्या रकान्यात नुसतं ‘व्हेटरन्स पार्क, फील्ड ३’ लिहिलेलं असेल तर नकाशावर भरवसा ठेवू नका. या नावाचं मैदान अमेरिकेत गावोगावी आहे. पहिल्या अवे (दुसऱ्या टीमच्या मैदानावरच्या) गेमआधी पत्ता एकदा लीगच्या साइटवर ताडून बघा.

नवरा-बायकोने आपापल्या खात्यात लिंक स्वतंत्रपणे जोडावी. लिंकने आलेलं कॅलेंडर गूगलमध्ये दुसऱ्याला शेअर करता येत नाही आणि त्यातल्या नोंदी बदलताही येत नाहीत. ‘या वेळी स्नॅक आपला’ असं लिहायचं असेल तर स्वतःच्या कॅलेंडरमध्ये वेगळी नोंद करा. गेमची नोंद स्वतःकडे कॉपी केलीत तर ती कॉपी पुढे बदलणार नाही, म्हणजे पुन्हा झेरॉक्सच.

आणि लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिच्यातली ती लांब अक्षरमाळ हीच किल्ली असते, पासवर्ड लागत नाही. ज्याच्या हाती लिंक, त्याला तुमचं मूल कुठल्या दिवशी किती वाजता कुठल्या मैदानावर असेल ते कळतं. चुकून गेलीच तर ॲपमध्ये ती बदलून नवी घेण्याची सोय आहे का पाहा.

फाइल कधी वापरायची

पहिला प्रसंग: लीगने ॲप दिलेलं नाही, फक्त पीडीएफ किंवा एक्सेल. गूगल कॅलेंडर सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) घेतं. पहिल्या ओळीत मथळे इंग्रजीतच हवेत. सब्जेक्ट आणि स्टार्ट डेट हे दोन सक्तीचे. स्टार्ट टाइम, एंड डेट, एंड टाइम, लोकेशन, डिस्क्रिप्शन हे ऐच्छिक, पण घालाच. तारीख अमेरिकी पद्धतीने, महिना आधी. आपल्या हाताला दिवस आधी लिहायची सवय असते आणि ०९/०५ मध्ये कोणाला काही खटकत नाही: ५ सप्टेंबरची गेम ९ मेला जाऊन बसते किंवा उलट. १२ तारखेपुढे निदान चूक पकडली तरी जाते. पत्त्यात स्वल्पविराम असेल तर तो रकाना दुहेरी अवतरणात हवा. गूगल शीट्समधून सीएसव्ही काढलीत तर हे आपोआप होतं, आणि मराठी अक्षरंही शाबूत राहतात. एक्सेलमधून काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

इम्पोर्ट करण्याआधी एक नवं, रिकामं कॅलेंडर तयार करा आणि त्यातच टाका. काही बिघडलं तर ते अख्खं कॅलेंडर उडवता येतं. पण ३० नोंदी तुमच्या मुख्य कॅलेंडरमध्ये, दातांच्या डॉक्टरच्या अपॉइंटमेंटच्या शेजारी विखुरल्या की एकेक वेचून काढाव्या लागतात. लीगने सुधारित यादी पाठवली तर जुन्यावर नवी टाकू नका, कारण इम्पोर्ट फक्त भर घालतं, रद्द झालेली गेम काढत नाही. कॅलेंडर रिकामं करून पुन्हा भरा.

दुसरा प्रसंग सीझन संपल्यावरचा. मॅनेजरने टीम बंद केली की फीड रिकामं होऊ शकतं, आणि सबस्क्राइब केलेल्या कॅलेंडरमधून जुन्या गेमही गायब होतात. कोणत्या दिवशी कोणाशी खेळलो हे ठेवायचं असेल तर शेवटच्या गेमनंतर लगेच फाइल उतरवून वेगळ्या कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट करा. मग लिंक अनसबस्क्राइब करा. पुढच्या सीझनला टीम नवी असेल तर लिंकही बहुधा नवी असेल.