अर्धं गाव बसल्याशिवाय

सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाच्या जंगलावर अख्ख्या गावाचा कायदेशीर हक्क मागणारा दावा करायचं आमच्या गावात ठरलं, तेव्हा समितीची सचिव म्हणून माझं नाव पुढे आलं. कारण साधं होतं. मी बी.ए. केलेलं आणि मला मराठी टायपिंग येतं. गाव गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातलं, बहुतेक घरं गोंडांची, थोडी ढिवरांची. जंगल घराच्या मागच्या कुंपणापासूनच सुरू होतं, पण कागदावर ते आमचं कधीच नव्हतं.

आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांतलं ते एक. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहे. पण घोषणा पाठ असणं वेगळं आणि फाइल तयार करणं वेगळं.

वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 2008 चे, आणि 2012 मध्ये त्यांत दुरुस्त्या झाल्या. नियमाप्रमाणे ग्रामसभा दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडते. त्यात किमान एक तृतीयांश बायका हव्यात. इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. गाडी अडली ती कोरमवर, म्हणजे सभेला किमान किती माणसं हजर हवीत त्यावर.

आमचं गाव गटग्रामपंचायतीत येतं. पंचायतीच्या ग्रामसभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा शंभर जण, यातला जो आकडा कमी असेल तेवढे पुरतात. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब करतात, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. त्यामुळे सभा म्हणजे काय, हे आम्ही जन्मापासून एकाच प्रकारे पाहिलेलं. पंचायतीच्या ओट्यावर सातआठ माणसं, चहा, आणि नंतर सह्यांसाठी घरोघर फिरणारं रजिस्टर. वनहक्काची ग्रामसभा मात्र आमच्या स्वतःच्या गावाची, आणि तिला गावातल्या प्रौढांपैकी निम्मे हजर पाहिजेत. हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका पाहिजेत. रोवणी चालू असताना निम्मं गाव एका जागी बसवून दाखवा बरं!

सभा भरेना. समितीतला एक जण म्हणाला, ठराव लिहून ठेवू, रजिस्टर फिरवू, कोण बघतंय. आमचे एक म्हातारे काकाजी आडवे आले. म्हणाले, ‘‘सही मागाले गेलं तर सहीच भेटते, माणूस नाई भेटत. उद्या फॉरेस्टवाला आला तर सही उभी राहीन का नाक्यावर?’’ मग सभेची वेळ बदलली. दुपारची सभा जेवणं आटोपल्यावर, रात्री घ्यायला लागलो. दवंडी आदल्या दिवशी, आणि विषय फळ्यावर. बायका यायला लागल्या आणि सभेचा सूरच बदलला, कारण जंगलाची खरी माहिती त्यांच्याकडे होती. मोह कुठे, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब कुठे, कोणता झरा एप्रिलपर्यंत टिकतो, हे पुरुष अंदाजाने सांगायचे आणि बायका बोट दाखवून.

पुराव्याला एकच कागद चालत नाही, एकाहून अधिक लागतात. मालगुजारी-जमीनदारी गेल्यावर झालेलं निस्तार पत्रक, म्हणजे जंगलातून गावाने काय काय घ्यायचं याची सरकारी नोंद, आम्हाला अभिलेख कक्षातून मिळालं. दुसरा पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेतले. नियमात हे चालतं आणि तलाठ्यालाही ते माहीत असायला पाहिजे, पण आम्हाला नियमाची प्रत पुढे ठेवून ते दाखवावं लागलं. जबाब लिहिताना माझी खूप तारांबळ झाली, कारण सांगणारी माणसं गोंडीत सांगत आणि मध्येच पन्नास वर्षं मागेपुढे जात. देवाचं ठाणं, गुरं बसायची जागा, जुन्या रांझी म्हणजे बांबूची बेटं, सगळं नकाशावर आलं.

मग शीव. आमच्या आणि शेजारच्या गावाच्या मधून एक नाला जातो. आम्ही म्हणायचो शीव नाल्यावर, ते म्हणायचे नाल्याच्या अलीकडच्या टेकाडावर. भांडण जमिनीचं दिसत होतं, पण मूळ मोहाच्या झाडांत होतं. टेकाडावरची काही झाडं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या गावातल्या ठराविक घरांची आहेत. अशा वेळी दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसून काय ते लिहून द्यायचं, असं नियमच सांगतो. नाही जमलं तर प्रकरण उपविभागीय समितीकडे जातं, म्हणजे आमची झाडं कोणाची ते एसडीओच्या, उपविभागीय अधिकाऱ्याच्या कचेरीत ठरणार. ही भीती दोन्हीकडे सारखीच होती आणि तिनेच आम्हाला जवळ आणलं. शेवटी ठरलं ते असं: नकाशावर शीव नाला, पण टेकाडावरचा मोह ज्या घरांचा त्यांचाच. हे दोन्ही गावांच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, त्यांचं आम्ही वाचलं आणि आमचं त्यांनी. माझ्या मते अख्ख्या दाव्यातला हा सगळ्यांत पक्का कागद आहे.

‘नमुना क’ हा दाव्याचा अर्ज भरून फाइल गेली आणि काही महिन्यांनी परत आली. आक्षेप असा की स्थळ पाहणीच्या वेळी वनविभागाचा प्रतिनिधी हजर नव्हता. आम्ही नोटीस दिली होती, पोच होती. अशा आक्षेपाला 2012 च्या दुरुस्तीत उत्तर आहे. दावा ग्रामसभेकडे फेरपाहणीला येतो, आणि बोलावूनही ते पुन्हा आले नाहीत तर पाहणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. आम्ही पुन्हा नोटीस दिली, पुन्हा पोच घेतली, पुन्हा शीव फिरलो. कोणी आलं नाही. तसा ठराव करून फाइल पाठवली. कोणाला सल्ला द्यायचा असेल तर मी एवढाच देईन: पोच घेतल्याशिवाय कचेरीचा उंबरठा ओलांडायचा नाही.

यथावकाश जिल्हास्तरीय समितीतून हक्कपत्र आलं. त्यावर जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकास विभागाच्या अधिकाऱ्याची सही, आणि हक्क ग्रामसभेच्या नावावर. सरपंचाच्या नाही, समितीच्याही नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. बांबू आता ग्रामसभेचा. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकडात न मोडणारं जंगलाचं उत्पन्न ठरवलं होतं, तरी मेंढ्याला स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना द्यायचा अधिकार हातात यायला एप्रिल 2011 उजाडलं होतं. आमच्याकडे व्यापारी आला तो आगाऊ रक्कम घेऊनच. त्याची अट होती, रांझीत जेवढं आहे तेवढं सगळं तोडायचं, भाव जास्त देतो. पोरांना ते पटलं. कोणाला मोटरसायकल हवी होती, कोणावर बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं, त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. जुनी माणसं म्हणाली, यंदाचा आणि मागच्या वर्षीचा बांबू तोडला तर रांझी बसते. आमच्याकडे हात वर करून मोजत नाहीत, सगळ्यांना पटेपर्यंत बसतात. सभा लांबत गेली आणि मी विरोध करणाऱ्यांचंही म्हणणं नावासकट लिहीत गेले. शेवटी कोवळा बांबू सोडायचा, कमी पैसे घ्यायचे आणि आलेल्या रकमेतून आधी कर्जवाल्या घरांना मजुरीची उचल द्यायची, असं ठरलं. ज्यांनी सर्वांत जास्त भांडण केलं तीच पोरं पुढे तोडणीवर देखरेखीला होती. आपलं म्हणणं वहीत आहे, हे त्यांना माहीत होतं.

वणव्याचंही तेच. जंगलात आग लावायला 1927 च्या वन कायद्याने बंदी आहे आणि आग दरवर्षी लागत आली. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवायचा, तो पसरायचा. आमच्या बायकांनी ठरवलं, झाडाखाली झाडून घ्यायचं, जुनी लुगडी, जाळ्या अंथरायच्या. आग पूर्ण थांबली नाही, पण आता कुठे धूर दिसला की कोणाच्या झाडाखालचा ते विचारायला गावातूनच माणूस जातो.

मध्यंतरी तालुक्याला एका प्रशिक्षणात संयुक्त राष्ट्रांच्या 2015 सालच्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांचा तक्ता लावला होता. पंधरावं जंगलाचं, सोळावं शांतता, न्याय आणि संस्थांचं. दोन वेगळे चौकोन, दोन वेगळे रंग. आमच्या गावात ते एकाच वहीत आहेत. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण हवी की नको, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ग्रामसभांवर सोपवलं आणि बाराही ग्रामसभांनी नाही म्हटलं, ती गोष्ट प्रशिक्षकाने सांगितली. आमचे लोक ऐकत होते, पण त्यांचे प्रश्न वेगळे: त्या सभांना बायका किती होत्या, आणि वही कोणाकडे होती?

वही आमच्याकडे दरवर्षी दुसऱ्या घरात जाते. तेंदूपत्त्याच्या हंगामात किती पुडे आले, कोणाचे किती पैसे झाले, हे फळीवर, म्हणजे पत्ता गोळा करायच्या जागी वाचून दाखवतात. यात वेळ जातो, तक्रारी होतात, मला स्वतःला कंटाळाही येतो.

सध्याचा वाद वेगळाच आहे. हिवाळा संपता संपता बरीच घरं तेलंगणात मिरची तोडायला जातात. ती नसली की कोरम भरत नाही, आणि परत आल्यावर ती बांबूच्या नफ्यात वाटा मागतात. देखरेखीचे दिवस न भरलेल्याला वाटा किती, यावर दोन बैठका भांडणातच संपल्या. राहिलेल्यांनी ठराव करून टाकावा, अशी एक सूचना आली होती, ती टिकली नाही. मिरचीवाले परतल्यावरच हा विषय घ्यायचा, एवढं मात्र ठरलंय.